टिकली चावत नाही

शनिवार पेठ, पुणे
२१ नोव्हेंबर २०२४

तालिब,

सलाम. अम्मी बरी आहे, गुडघा दुखतोच आहे. बाकी घरचं ठीक. झाली खुशाली सांगून.

तू माझा फोन कापलास, म्हणून पत्र. लहानपणी अम्मीला वाचता येऊ नये म्हणून आपण मराठीत चिठ्ठ्या लिहून भांडायचो, ती सोय अजून आहे. काम एकच आहे. अब्बांचा डबा मला रविवारी परत हवाय, आतल्या एकोणीस टिकल्यांसकट.

तुझा मेसेज तीनदा वाचला. "टिकल्या चावतायत. जया मॅडमचा अंगठा सुजलाय. तू नीट ट्रेन केल्या नव्हत्यास का?"

चावतायत. अब्बांच्या समोर हा शब्द कुणी काढत नसे. टिकली पिते. पोट भरलं की एवढासा किडा कपाळावरच्या टिकलीसारखा लाल आणि गोल होतो, म्हणून तर ते नाव. स्वारगेट डेपोचे मेकॅनिक हातोड्याने चेचलेला अंगठा घेऊन अब्बांच्या घड्याळांच्या दुकानात यायचे. अब्बा हातातलं घड्याळ बाजूला ठेवायचे, डोळ्यावरचं भिंग मात्र तसंच. त्या काळ्या पडलेल्या नखापाशी आपलं बोट टेकवायचे. टिकली बोटावरून उतरायची, नखाखाली साकळलेलं रक्त तेवढं प्यायची, आणि अब्बांनी दोनदा टिचकी वाजवली की सोडायची. "काही कळलंसुद्धा नाही, चाचा," म्हणत माणूस चहा पिऊन जायचा.

आणि तू कर्वेनगरात टिकल्यांच्या उपचाराचं दुकान थाटून बोर्ड लावलास, "पूर्णपणे माणसाळलेले कीटक". कुणाला माणसाळलेले? टिकली सगळ्या माणसांना माणसाळत नाही, एकालाच माणसाळते. तुझ्या त्या एसी खोलीत तो माणूस कोण आहे, तू?

पुन्हा सांगते, कारण सांगितलेलं तुझ्या डोक्यात राहत नाही. टिकली पाच वेळा कात टाकते. कात टाकली की अर्धा दिवस ती पांढरी, मऊ आणि आंधळी असते. त्या अर्ध्या दिवसात ज्याचं रक्त पिईल त्याचा वास तिच्यात बसतो. पाचही वेळा हात एकाचाच लागतो. एकदा जरी हात बदलला, तरी ती कुणाचीच राहत नाही. मग भूक लागली की दिसेल तिथे तोंड खुपसते आणि टिचकीला दाद देत नाही.

तुझ्या दहावीच्या सुट्टीत अब्बांनी हे तुला समोर बसवून शिकवलं होतं. तुझ्या मनगटावर पांढरी टिकली ठेवली आणि तू हात झटकलास. ती फरशीवर पडली. अब्बा रागावले नाहीत. चिमट्याने तिला उचललं आणि कागदाच्या पुडीत ठेवलं. त्यानंतर त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. मी तिथेच उभी होते. मुलीच्या हातावर डाग नकोत, म्हणायचे. डबा पुसायचे मी, कापूस बदलायचे मी, कातीचे दिवस लक्षात ठेवायचे मी. हात मात्र तुझाच हवा होता.

अब्बा जाऊन चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याला पाहुणे बसलेले असताना तू डबा उचललास. "अब्बांची निशाणी मुलाकडेच हवी," म्हणालास. सगळ्या मामूंनी माना डोलावल्या. मी कप गोळा करत होते. मी गप्प बसले.

का गप्प बसले ते आता लिहिते. इथवर तुला शिव्या देणं सोपं होतं.

या एकोणीस जणींच्या चार काती अब्बांच्या हातावर झाल्या. पाचवी आली तेव्हा अब्बा हॉस्पिटलमध्ये होते. सकाळी डबा उघडला तर सगळ्या पांढऱ्या. मी तो जेवणाच्या पिशवीत घालून नेला. दोन्ही हातांत सलाइन, कातडी निळी पडलेली. टिकली ठेवायला बोटभर जागा नव्हती. मी घरी परत आले, मोरीचं दार लावलं आणि माझी बाही वर केली.

प्यायल्या नाहीत, तालिब. चावल्या. टिकलीसाठी हा शब्द मी स्वतःहून आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय.

संध्याकाळी अब्बांनी विचारलं, "पाचवी झाली?" मी म्हटलं, "हो, तुम्ही झोपला होतात. तुमच्याच हातावर झाली." त्यांनी माझ्या पूर्ण बाह्यांकडे बघितलं. मग विचारलं, "दुखतंय का?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

म्हणजे तू डबा उचललास तेव्हा या टिकल्या कुणाच्याच नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी नेऊ दिलं. त्यांनी तुला चावावं असं मला वाटत होतं, अगदी मनापासून. तुझ्याकडे उपचाराला येणाऱ्या जया मॅडम मध्ये येतील हे सुचलंच नाही. त्यांचा अंगठा सुजला त्यात माझा हात आहे. त्यांना आजच डॉक्टरकडे ने आणि माझा नंबर दे. मी स्वतः माफी मागेन. तो बोर्ड काढ.

आणि डब्यातल्या कापसाच्या खाली बघ. तू बघितलं नसशीलच. पाचव्या कातीपासूनचे दिवस मी मोजलेत, तिथे अंडी असणार, राखेच्या कणांसारखी. पंधरा दिवसांत फुटतील. अब्बांच्या हातावर वाढलेल्यांची ही शेवटची पिल्लं. त्यांच्या पाचही काती माझ्या हातावर होतील. अम्मीला सांगून झालंय. ती रडली, मग माझ्या कुर्त्यांच्या बाह्या तिनेच अर्ध्या करून दिल्या.

डबा दारात ठेवून पळू नकोस. वर ये. चहा मिळेल, मी बोलेनच असं नाही.

अब्बांची मुलगी,
बिलकिस