बाकाचं दुसरं टोक

४ ऑक्टोबर
आले एकदाची. भाचीने माझी ट्रंक स्वतः वर नेली, मला पिशवीलासुद्धा हात लावू दिला नाही. घर छान आहे. गल्लीच्या शेवटी, दुमजली, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. माझ्या खोलीतला पलंग एवढा मोठा की मी त्यात हरवून जाईन. माझ्या जुन्या दोन खोल्या कायमच्या सोडताना जीव कासावीस झाला होता, पण आता वाटतं, बरं झालं. तिची आई गेल्यावर ह्या पोरीला मी वाढवलं; आता ती मला सांभाळते म्हणते. आणखी काय हवं?

जेवणाच्या टेबलाशी खुर्च्यांऐवजी बाक ठेवलाय, आमच्या शाळेत होता तसा. सिस्टर सांगायच्या, जागेवर अर्धंच बसावं, उरलेली अर्धी जागा आपल्या रक्षक देवदूताची. साठी उलटली तरी सवय गेली नाही. पलंगावरही मी एका कडेलाच झोपते. भाचीलाही लहानपणी हेच शिकवलं. ती म्हणाली, मावशी, तुझ्या सोबत्याची अडचण नको म्हणून बाक आणला. मला भरून आलं. अगदी टोकाला मात्र बसू नकोस म्हणाली. बाकाचे पाय आत घेतलेले आहेत, टोकाला बसलं की कलंडतो. मी लगेच बसून पाहिलं आणि आपटता आपटता वाचले. दोघी पोट धरून हसलो.

६ ऑक्टोबर
भाची भीतीचे सिनेमे करते हे ठाऊक होतं. आज एक दाखवलाही. कुणाचं तरी हरवलेलं चित्रण सापडावं तसा, हलता, अर्धवट. मी सगळा वेळ उशी कवटाळून बसले आणि शेवटपर्यंत भूत काही दिसलं नाही. एक दार, थोडं उघडं. त्याच्याकडे बघणारा एका बाईचा चेहरा. संपलं. मी म्हटलं, अगं, दाखवायचं तरी. ती म्हणाली, दाखवलं की माणूस सुटतो. मेकअप बरा होता म्हणतो आणि घरी जातो. नाही दाखवलं, तर दारातलं ते तो सोबत घरी नेतो.

कितीतरी वेळ त्याच विचारात होते. आम्हालाही सिस्टरनी न दिसणाऱ्याच्याच भरवशावर वाढवलं. देवदूत कधी चित्राबाहेर आला नाही, म्हणून तर मनात इतकी वर्षं टिकला.

तिच्या कॅमेरावाल्याला सगळे उंट म्हणतात, मान तशीच आहे. पन्नाशीचा, गमत्या माणूस. बाकावर मात्र बसला नाही, उभ्यानेच जेवला. का विचारलं तर म्हणाला, मावशी, उंट एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही.

घरभर कोपऱ्यांत छोटे कॅमेरे लावलेत. तू दिवसभर एकटी, मला कामावरून लक्ष ठेवता येईल, असं भाची म्हणाली. माझी इतकी काळजी आजवर कुणी केली नव्हती.

९ ऑक्टोबर
हे कुणाला सांगायचं नाही, इथेच लिहिते. सकाळी उठले तेव्हा पलंगाच्या रिकाम्या अर्ध्या भागावर गादी दबलेली होती. हात ठेवला; ऊब होती. घाबरले नाही. खोटं कशाला, हरखले. शाळेत असल्यापासून ज्याची जागा राखली, तो शेवटी आला असेल तर? पुन्हा पडले आणि कडेला आणखी थोडी सरकले.

१२ ऑक्टोबर
दुपारी बाकावर बसून भाचीच्या शर्टाला बटण लावत होते. धागा तोडताना लक्षात आलं, मी अगदी टोकाला बसलेय. बाक कलंडला नव्हता.

पलीकडे वजन असल्याशिवाय तो कलंडायचा राहत नाही.

शाळेतली देवदूताची प्रार्थना म्हणू लागले. अर्ध्यावर आले आणि बाक करकरला. पलीकडचं जवळ सरकलं. माझा देवदूत असता तर त्याने प्रार्थना पुरी होऊ दिली असती.

संध्याकाळी भाचीला सांगितलं. तिने मिठी मारली, पाठीवरून हात फिरवला. मग विचारलं, तुझं तोंड कुठल्या कॅमेऱ्याकडे होतं?

१४ ऑक्टोबर
उंटाला राहवलं नाही. भाची बाहेर गेल्यावर त्याने सांगितलं. हे घर तिने मुद्दाम घेतलं. इथे काय आहे ते त्यालाही माहीत नाही. जागा दिल्याशिवाय ते येत नाही, एवढं आधीच्या भाडेकरणीने दोघांना सांगितलं होतं. म्हणून एक नटी आणली. ती बाकाच्या मधोमध बसायची, पलंगभर हातपाय पसरून झोपायची. काहीच घडलं नाही. तेव्हा भाची म्हणाली, जागा देणारं माणूस माझ्या नात्यातच आहे.

बाक सुताराकडून करून घेतला होता. मुद्दाम कलंडणारा.

त्याने चित्रण दाखवलं. त्यात काहीच दिसत नाही. फक्त मी. झोपेत हसतेय, सरकतेय. आणि दाराआडून भाचीचा आवाज, हळू, खुशीत: सरकली बघ. अजून थोडी, मावशी.

लपाछपी खेळताना हाच आवाज असायचा तिचा.

१५ ऑक्टोबर
विचारलं. नाकारलं नाही तिने. म्हणाली, तुला काही दिसलं का? मग घाबरतेस कशाला? एकच प्रसंग राहिलाय म्हणाली. तुझ्याइतकं खरं कुणाला जमणार, मावशी—

थोबाडीत मारली असती तर कमी लागलं असतं.

उद्या निघणार. कुठे, माहीत नाही. तोवर बाकाच्या मधोमध. पलंगाच्या मधोमध. जागा नाही. कुणालाच नाही.

१६ ऑक्टोबर
ट्रंक दारात ठेवली. रिक्षाची वाट बघत जिन्यात बसलेय. इथून स्वयंपाकघर दिसतं—

भाची बाकावर आहे. माझंच चित्रण बघतेय. माझ्याकडे पाठ. टोकाला बसलीय, अगदी टोकाला. अर्धी जागा सोडून. मीच शिकवलं होतं—

बाक कलंडत नाही.

दार माझ्या हाताशी आहे. उठावं, जावं. तिने माझं काय केलं ते आठवावं आणि—

बाक करकरला. ती सरकली. हसली. वर न बघता म्हणाली, बस ना मावशी, रागावलीस होय—

मी इथे आहे, बाळा. मी जिन्यात आहे.

हाक मारली तर ती वळेल. वळून बघेल. नको—

मधे अजून वीतभर जागा आहे. मी मावेन. वही इथेच ठेवते, मी तिच्या आणि त्या—