लव्हाळ्यातला निळा पक्षी

ता. रावेर
८ डिसेंबर २०२४

चि. भूमिकास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मला ‘बरं आहे’ पलीकडे काही सुचत नाही, म्हणून कागद घेतला. केळीची कापणी चालू आहे. तुझा ललितकाका दिवसभर ट्रकमागे पळतो, मी धरणाच्या फुगवट्यावर बाभळीखाली बसतो. यंदा पाण्यावर पाखरू नाही. तू लहानपणी माझ्या खांद्यावर बसून बघायचीस ती बदकं कुठे गेली, कोण जाणे.

एक नवल मात्र आहे. समोरच्या लव्हाळ्यात एक निळा पक्षी बसतो, कोंबडीहून मोठा. टाळी वाजवली, ढेकूळ मारलं, हलत नाही. वारा आला की तेवढा फुगतो. कोण असेल? आपल्या शेतावरच्या गड्याला, निंबाला विचारलं तर म्हणाला, आबा, तुम्हीच सांगा.

आजोबासाठी नाही तर पाखरासाठी तरी ये.

तुझा आबा,
तोताराम


धुळे
१४ डिसेंबर २०२४

ती. आबांना शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ओळी फार उतरत गेल्यात, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलंत का? निळा आणि मोठा म्हणजे जांभळी पाणकोंबडी असेल. पण ढेकूळ मारल्यावर ती बसून राहायची नाही. मला कोडंच पडलंय.

बदकांचं वाचून काळजी वाटली. माझी मैत्रीण ज्योत्स्ना नुकतीच तिकडे जाऊन आली. आपल्याच बाभळीखालून तिने थव्यांचे फोटो काढलेत. डोळे कधी दाखवले होते? रागावू नका. मी पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन येते.

आहे तशी माया असू द्या.

तुमची,
भूमी


धुळे
२४ डिसेंबर २०२४

ती. आबांना शि. सा. न. वि. वि.

मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, कोण आहे गं? तेव्हा माझी जीभ रेटली नाही. सोबत फोटो आहे. तो पक्षी नाही, आबा. आपण केळीच्या घडावर चढवतो ती निळी पिशवी आहे. वाऱ्याने उडून लव्हाळ्यात अडकलेली.

त्याचं काही नाही. पण समोर पाणी बदकांनी भरलं होतं आणि तुम्ही म्हणालात, रिकाम्या पाण्याचे कसले फोटो काढतेस. परतताना बसमध्ये मला रडू आलं. तुमच्या भावाचा, थोरल्या बाबांचा डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये गेला, त्याची धास्ती तुम्हाला आहे हे मला ठाऊक आहे. आता तसं राहिलं नाही. तुम्ही फक्त हो म्हणा. भिऊ नका, मी सोबत येते.

उत्तराची वाट बघते.

तुमची,
भूमी


ता. रावेर
२३ फेब्रुवारी २०२५

चि. भूमिकास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा राग आला होता. पंधरवडाभर तुझं नाव काढलं नाही, मग निमूट जळगावला ऑपरेशनला आलो. तू दवाखान्यात हात धरून बसलीस, ते विसरणार नाही. आता डोळ्यात औषध घालणं संपलं. काल बाभळीखाली गेलो. बदकं आहेत. मीच नव्हतो म्हण.

पिशवी पिशवीच आहे. ललितला सांगू नकोस. जन्मभर केळी करून बापाने घडाच्या पिशवीला ढेकूळ मारलं, असं तो गावभर करेल.

पण घरी येऊन तुझा फोटो पुन्हा पाहिला. पिशवीच्या मागे, डाव्या अंगाला लव्हाळ्यात बघ. लाल चोच, लाल कपाळ, निळंजांभळं अंग. तुझी पाणकोंबडी तिथेच उभी आहे. एवढा मोठा कॅमेरा डोळ्याला लावून तू पिशवीच बघत राहिलीस.

धुळ्यात डोळ्यांचे डॉक्टर चांगले आहेत म्हणतात. एकदा दाखवून घे. भिऊ नकोस, मी सोबत येतो.

तुझा आबा,
तोताराम