आधी कंदील

माझ्या आयेला सुकन्याचा नमस्कार.

जहाजावर मी बरी हाय. हितं फोन लागत न्हाय, म्हणून किनाऱ्याला निघालेल्या बोटीवर ही चिठ्ठी देते. शेळ्या व्याल्या का?

आमी समुद्राच्या तळाला दिवा लावलेलं यंत्र सोडतो आणि वर पडद्यावर बघतो. काल खाली फटीतनं गॅसचे बुडबुडे निघत होते. भवती शिंपल्यांची दाटी, पांढरे खेकडे, नळ्यांत ऱ्हाणारे लांब किडे. तितं ऊन कधीच पोचत न्हाय. समद्यांचं पोट त्या गॅसवरच चालतं.

बाकीचे खूश झाले. मला आपली विहीर दिसत होती. टँकर आला न्हवता, म्हणून आबा घाईनं गाळ काढाय उतरले. त्या दिवशी तेवढा कंदील आधी सोडला न्हवता, आणि तळातल्या गॅसनं आबा परत वर आलेच न्हाईत.

आता यंत्राचा दिवा काळोखात उतरतो, तवा तो आता विझतोय का म्हणून मी बघत बसते. तळाला टेकला की मग श्वास सोडते.

बिरुदेव यंदा विहीर उपसणार म्हणतोय, असं मागं तू बोलता बोलता बोललीस. आबांचा कंदील खुंटीला हाय न्हवं? आधी तो सोडा. विझला तर खाली गॅस हाय समज, त्या माझ्या भावाला उतरू देऊ नको.

ते खेकडे गॅसवर जगतात, आये. आपण न्हाय.

तुझी लांबची लेक,
सुकन्या