घराकडची दिशा

रोक्कामुता, ५ नोव्हेंबर १९५४

चि. इरिदे हिस आजीचे अनेक आ.

पत्रास कारण, तुझं पत्र नाही. आम्ही जिवंत आहोत, हे तू विचारलं नाहीस तरी कळवते. गुडघे माझं ऐकत नाहीत, पण ह्या घरात माझं ऐकतंच कोण. बटाटे बरे आले. डुक्कर नाताळाआधी कापायचं आहे. आलीस तर आतडी धुवायला दोन हात होतील, नाही आलीस तर तुझ्या वाटणीचं मी खाईन.

मृतांच्या रात्री नेहमीसारखं टेबल मांडलं. तुझ्या आजोबांचं ताट, माझ्या गेलेल्या दोन लेकींची लहान ताटं, पाव, उकडलेल्या शेंगांचे दाणे, वाइन, खिडकीत दिवा. निजायच्या आधी तुझी आई हळूच म्हणाली, साबातिनोचं ताट यंदा तरी मांडू या का. मी म्हटलं, ताट मेलेल्यांचं असतं. सैन्यानं माझ्या मुलाला रशियात बेपत्ता लिहिलंय, मेला असं लिहिलेलं नाही. आणि बेपत्ता काय, आपलं गाढवही दर उन्हाळ्यात होतं. त्यावर एर्सिलिया रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

गाव मला सांगतं ते तूही ऐक. घोड्यांना नाल ठोकणारा निकांद्रो, ज्याची बायको तापात गेली, तो हल्ली आपल्या दारावरून पाण्याला जातो. त्याच्या अंगणात विहीर आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाद्री डॉन उलिस्से म्हणाले, कोर्टात अर्ज केला तर एर्सिलिया विधवा ठरेल आणि सुटेल. तिनं त्यांना काय सांगावं? सासूबाई आपल्या हातानं त्याचं ताट मांडतील त्या दिवशी मी निकांद्रोला हो म्हणेन, त्याआधी नाही. शहाणी आहे. सगळं माझ्या डोक्यावर ठेवून स्वतः गप्प.

मी मांडणार नाही. दाराला कडीही लावत नाही, तो गेल्यापासून लावलेली नाही. येईल तेव्हा थंडीत दार ठोठावत उभं राहायला नको.

माझं अक्षर उलट्या बाजूला कलतं म्हणून तू हसतेस. मला अक्षरं तुझ्या बापानं शिकवली. शाळेतून आला की चुलीपुढच्या राखेत डाव्या हातानं काढून दाखवायचा. मास्तर तो हात पाठीमागे बांधून ठेवायचा. घरी आला की मी सोडायची.

तू रोममध्ये कात्रीचं काम करतेस म्हटलं की लोक शिवणकाम समजतात. मी तसंच समजू देते.

लोभ आहे तेवढा पुरवून वापर.

तुझी आजी
दोमितिल्ला


रोम, २० जानेवारी १९५५

ती. आजीस इरिदेचा सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. रागावलीस तरी पत्रानं रागाव, म्हणजे पत्र तरी येईल.

गावाला माझं काम असं सांग. चित्रपट काढताना आधी शेपूट काढतात, मग कान, मग पोट, ज्याला जेव्हा सवड असेल तसं. माझ्याकडे येतात ते तुकडे. मी ते जोडून डुक्कर परत उभं करते आणि चालायला लावते. ज्यांच्या हाताखाली मी इतकी वर्षं फिल्म खरवडली आणि चिकटवली त्या झाइराबाईंचे डोळे आता थकले. हा चित्रपट त्यांनी माझ्या हवाली केला आहे. आजी, पहिल्यांदाच पडद्यावर संकलन म्हणून माझं एकटीचं नाव येणार.

गोष्ट एका शिपायाची आहे. तो रशियातून पायी घरी येतो. आमच्या दिग्दर्शकांनी माघारीच्या वेळी काढलेल्या खऱ्या फिल्मा विकत आणल्या आहेत, त्या मध्ये मध्ये घालायच्या. पण आमच्या धंद्यात एक नेम असतो. घराकडे निघालेला माणूस पडद्यावर उजवीकडून डावीकडे चालला, की शेवटपर्यंत तसाच चालला पाहिजे. दिशा बदलली तर लोकांना वाटतं तो परत फिरला. जुन्या फिल्मांतली खरी माणसं मात्र मिळेल त्या वाटेनं चालतात. मग मी ती पट्टी पालथी करून जोडते. डावं ते उजवं होतं आणि सगळी रांग घराकडे वळते. बर्फात कुणाच्या लक्षात येत नाही.

आता जे लिहायला बसले ते. त्या रांगेत एक माणूस आहे. डोक्यावरून घोंगडी, लांब नाक, मान पुढे. मी नाव लिहीत नाही. बाबा गेले तेव्हा मी लहान होते. मला त्यांचा वास आठवतो, खांद्यावरून दिसणारी गल्ली आठवते, चेहरा नीट आठवत नाही. फोटोतला चेहरा तर लग्नातला, फुगलेला. ह्या फिल्मेला आवाज नाही. तो तोंड उघडतो, वाफ निघते, शब्द नाही. दुपारी सगळे जेवायला गेले की मी यंत्रावर त्याला पुन्हा चालवते.

शरदात चित्रपट सुल्मोनाला लागेल. जन्म तू दिलास, तूच बघ. आईला आत्ता काही सांगू नकोस.

रागातसुद्धा माया असू दे.

तुझी
इरिदे


रोक्कामुता, ११ फेब्रुवारी १९५५

चि. इरिदेस आ.

घोंगडी कसली होती? घरची, काळ्या काठाची, की सरकारी? एवढं लिहिलंस आणि कामाचं तेवढं राहिलं. रशियात लांब नाकाचा एकच माणूस गेला होता का?

मी तुझ्या आईला अक्षरही बोलले नाही. पण उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघते.

तुझं पत्र आलं त्या आठवड्यात जिन्यावर पावलं वाजली. मी म्हटलं उंदीर. मग आठवलं, उंदीर बूट घालत नाहीत. उठून बघितलं तर दार उघडं आणि उंबऱ्याच्या आत बर्फ, टोपलीभर. वाऱ्यानं आला असेल. मी तो झाडला नाही. सकाळी एर्सिलियानं झाडला आणि वाऱ्याचं नावही काढलं नाही.

पडद्यावर नाव येणार म्हणतेस. आडनाव त्याचंच लावतेस ना? मग मोठ्या अक्षरात घालायला सांग. असेल तिथे वाचेल.

डुकराचं मांस पाठवलं आहे, मिळालं का ते कळव. माया मांसात घालून पाठवली, वेगळी लिहीत नाही.

आजी


रोक्कामुता, १६ ऑक्टोबर १९५५

चि. इरिदेस आजीचे अनेक आ.

बघितला तुझा चित्रपट. माझ्या गुडघ्यांसाठी म्हणून एर्सिलिया बरोबर आली. निकांद्रोही आला. त्याला म्हणे सुल्मोनाहून खिळे आणायचे होते. जो माणूस स्वतः खिळे घडवतो.

तुझं नाव आलं ते मी मोठ्यानं वाचलं. पुढच्या बाकावरचा एक टोपीवाला वळून बघायला लागला. त्याला सांगितलं, नात आहे माझी, टोपी काढ. काढली त्यानं.

मग बर्फ आला. एक रांग गेली, दुसरी गेली, आणि तो आला. नाक तेच. जू मानेवर असल्यासारखं ते पुढे वाकून चालणंही तेच. मी बाकावरून अर्धी उठले, पोरी, खोटं कशाला सांगू. मग त्यानं हात वर केला आणि घोंगडी कपाळावर ओढली.

उजवा हात.

तो नाही. अर्धा गोठला तरी माणूस आपलाच हात पुढे करतो. मास्तरनं दोरी बांधून जमलं नाही ते रशियाच्या थंडीला कसं जमेल? कुणा दुसरीचा मुलगा आहे तो. बाहेर आल्यावर मी साखरेचे बदाम घेतले आणि बसमध्ये बसून खाल्ले. एर्सिलियाला सांगितलं, तो नव्हता, यंदाही ताट नाही. ती खिडकीबाहेर बघत बसली. निकांद्रो टोपी हातात फिरवत होता. खिळे आणायचे राहिलेच.

पण एक टोचतं. पडद्याच्या कडेला जाताना त्याचे गुडघे वाकले, आणि तुझा चित्रपट टुणकन उडी मारून एका चुलीपाशी गेला, बाई, सूप, वाफ. लहानपणी शेंगा सोलताना तू किडका दाणा असाच परकराखाली लपवायचीस. मी बघायची आणि बोलायची नाही. पुढे काय होतं तिथे? तो तुकडा पाठव. दुसरीचा असला म्हणून काय झालं. त्याची आई कुठेतरी असेलच, तिच्या वतीनं कुणीतरी बघायला हवं.

तुझ्या कामात कात्री चांगली चालते, एवढं मलाही कळलं. कौतुक ह्याहून जास्त मागू नकोस.

आजी


रोम, २४ ऑक्टोबर १९५५

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुकडा पाठवते आहे. कडेनं धर, बोटं लावू नकोस. चुलीजवळ तर अजिबात नेऊ नकोस, ही फिल्म भस्सकन पेटते. खिडकीशी उजेडात धर. चित्रं फार बारीक आहेत, डॉन उलिस्सेंचं भिंग मागून आण.

तुझ्या पत्राला मी आधी एक लांब उत्तर लिहिलं होतं. ते फाडलं. तुला हवं ते सगळं तुकड्यात आहे, आणि नको असेल तर तू म्हणतेस तेच खरं, मी पुन्हा विषय काढणार नाही. आईचा विचार केला की एक वाटतं, तुझा विचार केला की दुसरं.

एवढंच सांगते. यंत्राला उलटं फिरवता येतं. हा तुकडा उलटा फिरवला की बसलेला माणूस उठतो. अंगावरचा बर्फ वर उडून जातो, गुडघे सरळ होतात, आणि तो मागे मागे चालत रांगेत जातो. मी हे रोज दुपारी करते. झाइराबाईंनी एकदा दारातून बघितलं आणि दार लोटून घेतलं. चित्रपट लागला, लोकांनी वाहवा केली, मला पुढचं काम आलं, तरी मी हे करते.

मला वाऱ्यावर सोडू नकोस.

तुझी
इरिदे


रोक्कामुता, ४ नोव्हेंबर १९५५

चि. इरिदे हिस आजीचे अनेक, अनेक आ.

तुकडा मृतांच्या रात्रीच्याच दिवशी सकाळी मिळाला. खिडकीशी बसले. एर्सिलिया जवळच दाणे निवडत होती. डॉन उलिस्सेंच्या भिंगातून त्यांच्या तपकिरीचा वास येतो, पण दिसतं चांगलं.

तसाच होता, सिनेमात होता तसा. चालतो, उजव्या हातानं घोंगडी ओढतो. पुढच्या चित्रांत एक मोडकी गाडी आहे. तिला पाठ टेकून तो खाली बसतो. लोक पुढे जातात. कुणी थांबत नाही. थांबणार कसे, त्यांना त्यांच्या घरी जायचं होतं. गाडीच्या फळीवर काही अक्षरं होती. मी वाचायला गेले तर लागेनात. माझंच शिक्षण कमी म्हटलं. आधीच बोटं आखडलेली, त्यात पट्टी सुटून मांडीवर पडली. उचलून परत धरली, आणि अक्षरं लागली. आपल्या सैन्याची, सरळ, मी राखेत शिकले तशी.

मग मी हात बघितला.

तू मला जानेवारीतच सांगितलं होतंस, पट्टी पालथी करतेस म्हणून. डोक्यात बटाटे भरलेले असले की असं होतं. तुझ्यावर राग नाही. सगळ्यांना घराकडे वळवायचं होतं तुला. मीही ह्या चुलीपाशी बसून तेच करत होते, आणि मला त्याचा पगारही नव्हता.

दाणे पडायचा आवाज थांबला होता. मी एर्सिलियाला म्हटलं, "एक ताट अजून काढ." कुणाचं ते तिनं विचारलं नाही. वरच्या फळीवरून त्याचं निळ्या काठाचं काढलं, पुसलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते माझ्या हातानं मांडलं, तिची अट होती ना. पाव ठेवला, वाइन ओतली. आणि मी सांगायच्या आत तिनं चमचा ताटाच्या डाव्या बाजूला ठेवला.

तेव्हा मला कळलं. तिनं सुल्मोनालाच ओळखलं होतं, हात उलटा असूनसुद्धा. बायको नवऱ्याचा हात बघत नाही, त्याचं दमणं बघते. मी बसमध्ये बदाम खात होते आणि ती गप्प बसली होती. मी सुनेला आयुष्यात कधी चांगलं म्हटलेलं नाही. आता म्हणायला गेले तर तिला वाटेल मी मरायला टेकले. म्हणून फक्त एवढं म्हटलं, रविवारी निकांद्रोला जेवायला बोलाव, आणि विहिरीचं पाणी त्यानं घरूनच आणावं. ती आधी हसली, मग रडली. एकदाची.

ताट सकाळी होतं तसंच होतं. फक्त चमचा ओला होता. दव असेल. बंद खिडकीतून दव येतं की नाही ते तू शिकलेली आहेस, तू सांग.

तुकडा त्याच्या दाढीच्या डबीत घालून तुझ्या आजोबांशेजारी पुरला. डॉन उलिस्से म्हणाले फिल्मेवर मंत्र म्हणता येत नाहीत. मी म्हटलं मग डबीवर म्हणा. म्हटले त्यांनी. त्या रात्री मी दाराला कडी लावली. झोप लागली नाही, पण लावली.

आता तुझं. सिनेमात तो चालतोय तो चालू दे. उजव्या हाताचा तो कुणा दुसरीचा, त्या बाईला तो घरी येताना दिसू दे. आपला बसला. पण तुझ्याकडे ह्याच तुकड्याची आणखी एखादी पट्टी असेल, मी तुला ओळखते, परकराखाली बघ. तीही पाठवून दे. दमून बसलेल्या माणसाला रोज उठवू नये, पोरी.

नाताळाला ये. लोभ आता पुरवून वापरायची गरज नाही, त्याच्यासाठी राखलेला एका ताटाचा उरला आहे.

तुझी आजी
दोमितिल्ला