पाण्यावरच्या अकरा बोटी

२ सप्टेंबर १९०७. सकाळी ९.
आजपासून रोज पहाटे पाचला धक्क्यावर हजर. (आज उशीर झाला, पण निश्चय कालच केला होता, तेव्हा आजचा दिवस धरायला हरकत नाही.) बंदराचं मोठं पेंटिंग महिन्यात पुरं. दोन ऑक्टोबरला पॅरिसचे डीलर देल्मोत स्वतः येताहेत. माझं नाव तिथवर पोचलं म्हणायचं. मी कुणापुढे तोंड वेंगाडलं नव्हतं. कामच बोलतं.
लेओन्तीन म्हणते, याही वेळी काही झालं नाही तर ती लिओंला माहेरी जाणार, कायमची. बायको म्हटली की बोलायचीच. नऊ वर्षं बोलतेय.

५ सप्टें.
ठिपके २१४. थिअरी साधी आहे. रंग कालवायचे नाहीत, शेजारी शेजारी ठेवायचे. मिसळायचं ते बघणाऱ्याच्या डोळ्याने. बातिस्तँ कोळी (त्याचीच बोट काढतोय) मागे उभा राहिला आणि विचारतो कसा, मास्तर, माझ्या बोटीला देवी आल्यात का हो? सगळा धक्का खिदळला. अडाणी लोक. आपण लक्ष द्यायचं नाही.
दिवसभर तेच डोक्यात.

९ सप्टें.
भलताच घोळ. दुसऱ्या कॅनव्हाससाठी धक्क्यावरच चूल मांडून सरस उकळत होतो. बातिस्तँने विचारलं, मास्तर, वास कसला? सांगितलं, सशाच्या कातड्याचा सरस, रंगाआधी कॅनव्हासला फासतात. तुझी बोटसुद्धा सशावरच उभी आहे बाबा!
त्याचा चेहरा पांढराफटक. जाळी विणणारे हात थांबले. इथे बोटीजवळ त्या प्राण्याचं नाव घेत नाहीत म्हणे. अगदीच अडलं तर 'लांब कानवाला' म्हणतात. त्याचं नाव घेतलं की बोट बुडते. आणि मी तर बोट त्याच्यावर नेऊन बसवली! बातिस्तँ थुंकला, म्हणाला, माझ्या पोराबाळांच्या जिवावर उठलात. मी शांतपणे समजावलं की हे विसावं शतक आहे. समजावताना तो शब्द आणखी सहा वेळा आला.

१० सप्टें.
धक्का रिकामा. एकूण एक बोट दीपगृहापलीकडे हलवली. माझं काही अडत नाही.

१४ सप्टें.
अडलं. अर्धीमुर्धी बोट खरवडून टाकली. करायला दुसरं काही नाही, म्हणून चार दिवस नुसतं पाणी रंगवतोय. ठिपके मोजायचे राहतात, हात आपला आपण चालतो. वाईट सवय. सोडली पाहिजे.

१७ सप्टें.
लेओन्तीन चण्याचं सूप घेऊन आली आणि चित्रासमोर उभी राहिली ती राहिलीच. सूप गार. म्हणाली, आता याला बोट लावू नकोस, तुला माझी शपथ. म्हणाली, नऊ वर्षांत आज पहिल्यांदा वाटलं, तुझ्यामागे इथे आले ते बरं केलं. डोळे भरले होते. मला तिची कीव आली. इतकी वर्षं सांगूनही थिअरी कळली नाही. बोटींशिवाय बंदर म्हणजे डबकं!

२० सप्टें.
तोडगा सापडला. तंबाखूच्या दुकानात बंदराचं पोस्टकार्ड मिळालं. तूलोंचं आहे, पण बोट ती बोट. अकरा बसतील. देल्मोतना भरगच्च चित्र दिसलं पाहिजे.
लेओन्तीन वाद घालत नाही. तिला पटलं असावं.

२३ सप्टें.
बोट नंबर चार. निदान डावा कोपरा तरी सोड, म्हणाली. सोडला नाही. तिथेच सगळ्यात झकास बसली.

२६ सप्टें.
लेओन्तीन लिओंला गेली. मला एकाग्रता मिळावी म्हणूनच. ट्रंक नेली, हिवाळ्याचे कपडे नेले (तिकडे थंडी लवकर पडते). लग्नाचा फोटो ठेवून गेली, म्हणजे जीव इथेच आहे.
कॉफीचा डबा कुठे असतो?

१ ऑक्टोबर.
बोट नंबर अकरा. संपलं. पाण्याचा बोटभर तुकडा उघडा ठेवला नाही. देल्मोत फार घासाघीस करू लागले तर सरळ दार दाखवायचं.

२ ऑक्टो. दुपारी ३.
देल्मोत दहाला आले. चित्र बघितलं, छान म्हणाले, आणि खोलीभर शोधू लागले. पलंगाखाली वाकून बघितलं. मी विचारलं, काय हरवलं? म्हणाले, ते पाणी.
कुठलं पाणी?
त्यांनी खिशातून पत्रं काढली. सात. अक्षर लेओन्तीनचं. माझं नाव त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. सहा पत्रांनंतर बाईंच्या चिकाटीची लाज वाटून अर्धा तास द्यायचं कबूल केलं होतं म्हणे. पण सातवं वाचलं आणि रात्रभर गाडीत झोप लागली नाही. त्यातलं वाचून दाखवलं. माझ्या नवऱ्याला स्वतःलाच माहीत नाही की त्याला पाणी रंगवता येतं. डाव्या कोपऱ्यात बघा, तिथे सकाळ झालेली दिसेल.
मग त्यांनी विचारलं, बाई कुठे आहेत? म्हटलं, लिओंला. आणि पाणी? म्हटलं, बोटींखाली.
त्यांनी टोपी उचलली आणि गेले.

संध्याकाळी ६.
चाकूने चौथी बोट खरवडली. तिच्याबरोबर खालचंही सगळं निघालं. नुसतं कापड राहिलं. मी गाढव आहे.
लेओन्तीनला पत्र लिहिलं. चार ओळी. माफ कर, असंही लिहिलं. पाकीट बंद केलं, तिचं नाव घातलं, 'लिओं' घातलं. पुढचा पत्ता मला माहीत नाही. माहेरची पत्रं नेहमी तीच लिहायची.