नववं गाणं आणि तंबाखूची भट्टी

“तुझ्या नावापुढचं बापाचं नाव खोडू नकोस रे, युन-फा,” खाटेशेजारी बसलेला शिन-लाइ म्हणतो आहे. मी खोडलं आहे. नवा कागद घेणार नाही. खाडाखोडीखाली सही करतो.

मी, कू युन-फा, वय एक्कावन्न, राहणार मेइनुंग, गाणी लिहितो आणि गातो. डोकं ठिकाणावर आहे. बिघाड गळ्यात आहे. उद्या सकाळी आठला डॉक्टर माझं स्वरयंत्र काढणार आहेत. त्यातून उठलो नाही तर, आणि मुका होऊन उठलो तरीही, पुढे लिहिल्याप्रमाणे व्हावं.

१. तंबाखू सुकवायची भट्टी, म्हणजे ती विटांची जुनी खोली, आईने माझ्या नावे केली. ती माझी बहीण श्यु-मे हिला. दोन बँड मोडल्यावर मी तिथेच राहिलो. विटांना अजून तंबाखूचा वास आहे आणि आवाज तिथे कोरडा, स्वच्छ उमटतो. एकट्याचा पहिला अल्बम मी तिथेच ध्वनिमुद्रित करत होतो.

२. गिटार श्यु-मेच्या मुलीला. चौथी खुंटी सैल आहे. कागदाची घडी घालावी. कोऱ्या कागदाची.

३. फू शिन-लाइ, दुसऱ्या बँडचा ड्रमवादक, याला काही नाही. साक्षीदाराला वाटा घेता येत नाही, आणि बँडचं नाव तो पूर्वीच घेऊन गेला. मी आपल्या हाक्का बोलीत गाईन म्हणालो तेव्हा हा म्हणाला होता, “तैपेईत ते कोण ऐकणार, तुझा बाप?” हे वाचून तो आत्ता हसतो आहे. “लिही, लिही. सगळं लिही.” एकोणीस वर्षांनी बोलावलं, तरी पहिल्या गाडीने आला.

४. अल्बममध्ये नऊ गाणी. आठ झाली. नववं आईवर लिहिलेलं. त्याचं तिसरं कडवं मला आठवत नाही. सकाळपासून अकरा वेळा म्हणून पाहिलं. दोन कडवी, मग भिंत. शिन-लाइ फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करतो, बंद करतो. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची बायको म्हणाली, “इतकं ताणू नका, घसा जाईल.” म्हटलं, “जायचाच आहे, वहिनी.” मग ती बाहेर जाऊन उभी राहिली. उद्या आठनंतर शब्द सापडले तरी म्हणणार कोण? आठच गाणी प्रसिद्ध करावीत. नववं दुसऱ्या कोणी पुरं करू नये.

५. माझे वडील कू तिएन-शेंग यांना माझ्याकडून काही नाही. कायदा देईल तेवढं घ्यावं. दर पंधरवड्याला ते टोपली घेऊन गावभर लिहिलेले कागद गोळा करतात आणि वेशीवरच्या विटांच्या मनोऱ्यात मानाने जाळतात. अक्षर पायदळी जाऊ नये म्हणून. माझी गाण्यांची वही भट्टीत जमिनीवर उघडी होती. तीही त्यांनी नेऊन जाळली; तिसरं कडवं तिच्यातच होतं. “पडली होती. कुणीतरी तुडवली असती,” एवढंच म्हणाले. त्यांना स्वतःला एक अक्षर वाचता येत नाही. वर्षभर मी गात असताना दाराबाहेर बसून लाल चवळी निवडत होते. वही कसली, एवढं कळू नये? पाच महिने मी त्यांच्याशी बोललेलो नाही.

६. हा कागद त्यांच्या हाती लागू देऊ नये.

सही: कू युन-फा
साक्षीदार: फू शिन-लाइ, च्यो म्येइ-ली (शेजारच्या खाटेवरील रुग्णाची पत्नी)
काऊश्युंग, १७ नोव्हेंबर २०१६, दुपार

१८ नोव्हेंबर. हे मी, शिन-लाइ, लिहितो आहे. काल संध्याकाळी मी युन-फाला न सांगता त्याच्या वडिलांना फोन केला. ते सकाळी साडेसहाला आले. चपला दाराबाहेर काढल्या. “तिसरंच ना, पोरा?” म्हणाले आणि खाटेच्या कडेला बसून पूर्ण म्हटलं. चवळी निवडता निवडता पाठ झालेलं. युन-फाने पहिल्या दोन ओळी त्यांच्याबरोबर म्हटल्या. पुढे त्याचा आवाज फुटला नाही. ते एकटेच म्हणत गेले. फोनवर ध्वनिमुद्रण चालू होतं. नंतर युन-फाने कलम चारमधली शेवटची दोन वाक्यं खोडली, सही केली. कलम पाच तसंच ठेवलं. आठ वाजता त्याला आत नेलं.