मोडीतला पासवर्ड आणि अप्पांचा चष्मा

तीर्थस्वरूप राजसबाई अक्का हीस,

अंबत्तूरहून धाकट्या दत्ताजीचा नमस्कार. नमस्कार माझाच आहे, यंत्राने केलेला नाही. अक्षर ओळखशील अशी आशा आहे. तुझे गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस, की नुसती बाटली उशाशी ठेवून झोपतेस? इथे सगळे बरे आहेत, म्हणजे मी दमलोय आणि बाकीचे कामावर गेलेत. फोन सोडून पत्र का, हे तुला सांगायला नको. माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस. मी रागावलेलो नाही. ब्लॉक कसं करायचं ते पोंगलला तंजावूरला आलो तेव्हा मीच तुला शिकवलं, आणि शिकवलेलं इतकं मनावर घेणारी माणसं आता राहिली नाहीत.

या सगळ्याचं मूळ कीर्तना. नात आहे म्हणून बोलता येत नाही. तिच्या ऑफिसात इंटरनेटवर सुरक्षित कसं राहावं ते शिकवतात आणि संध्याकाळी घरी आली की तेच ती मला शिकवते (तमिळमध्ये, मराठी ती फक्त नमस्कारापुरती आणि भांडणापुरती वापरते). तिने नियमांचा कागद फ्रिजवर चिकटवलाय. प्रत्येक खात्याला वेगळा आणि लांब पासवर्ड. तो दुसऱ्याला वाचता येईल असा लिहून ठेवायचा नाही. फोनवर आलेला आकडा कुणालाही सांगायचा नाही. जुना फोन देऊन टाकण्याआधी पुसून कोरा करायचा. जो घाई करतो तो ठग समजायचा. आणि हल्ली आवाजाचीही नक्कल होते, म्हणून फक्त घरच्यांनाच उत्तर ठाऊक असेल असा एक प्रश्न ठरवून ठेवायचा. अक्का, नियम चांगले आहेत, एकालाही नाव ठेवायला जागा नाही. मी ते सगळे पाळले आणि तिथेच माझं वाटोळं झालं.

नवरा म्हणून तुळजाचं इंटरनेटवरचं खातं मीच उघडून दिलं होतं. तिच्या लक्षात राहणार नाही म्हणून पासवर्ड मी डायरीत लिहिला, आणि कुणाला वाचता येऊ नये म्हणून मोडीत लिहिला. चेन्नईतला चोर कितीही हुशार असला तरी मोडी वाचणारा कुठून आणणार, या कल्पनेवर मी इतका खूश झालो की त्या दिवशी तुळजाला दोनदा कॉफी करून दिली. ती नुसती हसली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आता अडचण अशी की ते पान मलाच वाचता येत नाही. अप्पांनी मोडी लिहायला शिकवली तेव्हा मी होतो, वाचायला शिकवली त्या उन्हाळ्यात मला कांजिण्या आल्या होत्या (तुला आल्या नाहीत, म्हणून तू पुढे तीस वर्षं मोडी कागद वाचून पगार घेतलास). हात चालतो, डोळे चालत नाहीत. महिनाभर भिंग घेऊन बसतोय. पान बघितलं की वाळत घातलेल्या शेवया आठवतात आणि भूक लागते.

आता घाई कशाची ते सांगतो. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला तुळजाला जाऊन दोन वर्षं होतील. शेवटच्या वर्षी तिने कीर्तनासाठी स्वयंपाकाची रेकॉर्डिंगं करून त्या खात्यात ठेवली होती. उडदाचं पीठ दह्यात कालवून डांगर पच्चडी कशी करायची, चिंच किती भिजवायची, आणि मधूनमधून मला ओरडणं. दोन वर्षं खातं कुणी उघडलं नाही तर कंपनी ते पुसून टाकते म्हणे. तिचा फोन मी टी. नगरच्या दुकानात बदलीत दिला, देण्याआधी नियमाप्रमाणे स्वतःच्या हाताने कोरा केला, आणि तिचा नंबरही बंद केला. म्हणजे बारा तारखेनंतर तिचा आवाज कुठेच राहणार नाही.

म्हणून मी त्या पानाचा फोटो तुला पाठवला आणि खाली लिहिलं की ताबडतोब उघड, वेळ फार कमी आहे. घाई करणारा तो ठग, हे वाक्य तुझ्याकडून पाठ करून घेणारा मीच. तू उघडलं नाहीस. मग फोन केला. त्या दिवशी सर्दीने माझा आवाज बसला होता. तू घरचा प्रश्न विचारलास, अप्पांचा चष्मा कुणी फोडला? मी म्हटलं, व्यंकटने. तू म्हणालीस, खऱ्या दत्ताजीला खरं उत्तर ठाऊक आहे, आणि फोन ठेवलास. चोपन्न वर्षं आपल्या घरात हेच उत्तर चालत आलंय. शेवटी व्यंकटही आपला भाऊच, आणि राहतो तुझ्याच गल्लीत, म्हणून त्याला फोन केला, म्हटलं जाऊन अक्काला सांग की हा मीच आहे. त्याने चौकशी केली, नेमका प्रश्न काय होता आणि मी काय सांगितलं. मी सांगितलं. त्यानेही फोन ठेवला.

तेव्हा आता तूच ये. रात्रीच्या उळवन एक्स्प्रेसने निघून सकाळी एग्मोरला उतर, मी फलाटावर उभा असेन. डायरीचं पान पत्रासोबत पाठवलं असतं, पण पासवर्ड पोस्टाने पाठवायचा नाही असं कीर्तना म्हणते. मी आता वाद घालत नाही.

तुझा, पण अजून पडताळणी बाकी असलेला भाऊ,
दत्ताजी

ता. क. चष्मा मी फोडला. झोपाळ्यावर उभा राहून झोके घेत होतो आणि चष्मा खाली होता. व्यंकट नुसता दारात उभा होता. त्याला अप्पांच्या दोन थपडा बसल्या आणि मी आत जाऊन दहीभात खाल्ला. तुला पहिल्यापासून माहीत होतं, मग इतकी वर्षं गप्प का राहिलीस ते आल्यावर सांग. व्यंकटला हे पत्र दाखवलंस तरी चालेल.

ता. क. पाकीट चिकटवायच्या आत आणखी एक झालं. आज रविवार. कीर्तना उडदाच्या पिठाचा जुना डबा घासायला काढत होती. झाकणाच्या आत तुळजाने पासवर्ड चिकटवून ठेवलेला निघाला, ठळक तमिळ अक्षरांत, शेजारणीलासुद्धा वाचता येईल असा. तो माझा पासवर्ड नव्हेच, तिने कधीच बदलला होता. म्हणजे माझी डायरी तू वाचली असतीस तरी उपयोग नव्हता. खातं उघडलं, अकरा रेकॉर्डिंगं आहेत, आता पुसली जाणार नाहीत. पासवर्ड काय होता ते इथे लिहीत नाही.

ता. क. तरीही ये. कीर्तना लावू म्हणाली तेव्हा मीच नको म्हटलं, राजसबाई आत्याआजी येऊ दे म्हणून सांगितलं. पहिल्या रेकॉर्डिंगचं नाव डांगर पच्चडी आहे. एकट्याने ऐकायचा मला धीर होत नाही.